शंभर टक्के झेंडू

तोताराम नानांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तो ऐन नवरात्रात. केळी कधी पिकणार ते आधी कळतं, डोळा कधी पिकणार ते कळत नाही. धुळ्याच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली ती दुसऱ्या माळेची, आणि ही हुकली तर पुढची थेट उन्हाळ्यात. नाना काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "बाई, मी फुलांचा आडत्या. नवरात्रात मी मेलो तरी घरचे मले दसरा झाल्यावरच उचलतील." बाई मान वर न करता म्हणाली, "मग डोळा द्या, तुम्ही दसऱ्यानंतर या."

शेवटी नाना डोळ्यासोबत स्वतःही गेले. ऑपरेशन झाल्यावर धुळ्यातच बहिणीकडे, म्हणजे इंदिरा अक्कांकडे, मुक्काम ठरला, कारण डॉक्टरनं धूळ, धावपळ आणि डोक्याला ताप या तिन्हींना बंदी घातली होती, आणि जळगावच्या फूलबाजारात या तीन गोष्टी सोडून चौथं काही मिळत नाही. गाळा सोपवला जावयावर.

जावई म्हणजे हितेंद्र. पुण्यातल्या एका कुरियर कंपनीत तो 'वितरण कार्यक्षमता' नावाच्या खात्यात साहेब होता. त्या खात्यानं कंपनीची कार्यक्षमता इतकी वाढवली, की एक दिवस कंपनीच्याच लक्षात आलं, या खात्याशिवाय ती आणखी वाढेल. तेव्हापासून हितेंद्र बायकोसह जळगावात सासरी राहून गाळ्यावर मदत करत होता. मदत म्हणजे खुर्चीत बसून बघणं आणि जमल्यास उसासा टाकणं. बाजारात त्याला तोंडावर सगळे 'जावईबापू' म्हणत. पाठ फिरली की त्यातला 'बापू' गळून पडायचा आणि पुढे 'घर' लागायचं.

एसटीत बसता बसता नानांनी त्याला दोन वाक्यांत धंदा शिकवला. "संध्याकाळी गिऱ्हाइकायचे फोन येतील, हो म्हण. सकाळी गाठोडी जातील, जाऊ दे. बाकी डोकं लावू नको."

"आणि नाना, गाळ्याचं..."

"दसरा नीट पार पाड, मग पाहू तुझ्या नावाचं. नाही तर बन्सीलाल हायेच."

बन्सीलाल हा शेजारच्या गाळ्याचा मालक. नानांचा गाळा घ्यायचा आणि मधली भिंत पाडायची, एवढी एकच इच्छा उरली होती त्याच्या आयुष्यात, आणि ती तो दर दिवाळीला मिठाईच्या डब्यासोबत नानांना कळवायचा. हितेंद्रला आख्खा गाळा नकोच होता. त्याची झेप आठ आण्यांच्या भागीपर्यंत. अर्धी भागी मिळाली, पाटीवर नाव आलं, की संपलं. पाटीवर नाव असलेल्या माणसाला कुणी घरजावई म्हणत नाही. त्याला शेठ म्हणतात, मग त्याच्या बुडाखालची खुर्ची सासऱ्याची का असेना.

आता 'डोकं लावू नको' हे वाक्य असं आहे, की ते ऐकल्यावर ज्याला डोकं नाही त्यालाही ते लावावंसं वाटतं. हितेंद्रला तर होतं, आणि ते बरेच दिवस वापराविना पडलेलं.

त्यानं पहिली सकाळ नुसतं निरीक्षण केलं. फूलबाजार म्हणजे एक मोठा लांबलचक ओटा. शेतकरी झेंडू, शेवंती, निशिगंध आणून ओततात, आडत्या तो माल आदल्या संध्याकाळच्या फोनप्रमाणे गावोगावच्या फूलवाल्यांना वाटतो, हमाल ओल्या फडक्यात गाठोडी बांधतो, आणि ती गाठोडी पहूर, अमळनेर, सोनगीर अशी एसटीच्या टपावर नाही तर कंडक्टरच्या पायाशी बसून जातात. नानांच्या काळात हे सगळं बोटावर चालायचं. नाना गादीवर बसून बोट दाखवायचे, "हे पहूर. ते अमळनेर. त्याच्यातलं काढ, याच्यात टाक. पुरे. बांध." उखर्डू हमाल काढायचा, टाकायचा, बांधायचा. लिहिलेलं काही नाही, मोजलेलं त्याहून कमी.

हितेंद्र घरी येऊन बायकोला, कामिनीला म्हणाला, "तुझे वडील धंदा करत नाहीत. तुझे वडील अंदाज करतात."

"त्या अंदाजावर माझं लग्न झालं," कामिनी म्हणाली. "तो अंदाज तेवढा चुकला."

इथून पुढे हितेंद्रनं सुधारणा हातात घेतल्या. पहिली सुधारणा म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. त्याचं नाव 'तत्पर पुष्पसेवा जळगाव'. त्यावर त्यानं गिऱ्हाइकांना हात जोडून लिहिलं, की आपली ऑर्डर रोज संध्याकाळी इथे टाकावी, ती शंभर टक्के पूर्ण केली जाईल. उत्तरादाखल पहिल्या संध्याकाळी देवीचे बावीस फोटो आले. ऑर्डरी सगळ्यांनी फोनवरच सांगितल्या.

दुसरी सुधारणा म्हणजे चौकोन. ओट्यावर रंगानं चौकोन आखायचे, प्रत्येक गावाचा एक. ज्या गावाचा माल त्याच्या चौकोनात, म्हणजे गफलत नाही. कल्पना चांगली होती आणि चांगल्या कल्पनेचं जे होतं तेच तिचं झालं, म्हणजे ती ऑफिसात गेली. ओट्यावर कुंचला लावायला बाजाराच्या ऑफिसची परवानगी लागते. तिथल्या कारकुनानं विचारलं, "हे चौकोन कायमचे का तात्पुरते?"

"कायमचे."

"मग बांधकाम झालं. नकाशा जोडा."

"बरं, तात्पुरते धरा."

"मग अतिक्रमण झालं." कारकुनानं त्याच्याकडे खऱ्या सहानुभूतीनं पाहिलं. "तुम्ही असं करा, दसऱ्यानंतर या. तेव्हा साहेब रजेवर असतील, म्हणजे नाही म्हणायला कुणी नसेल."

"आणि हो म्हणायला?"

"तेही नसेल. पण नाही तरी कुणी म्हणणार नाही ना."

परत आला तर बन्सीलाल आपल्या गादीवरून उपदेश घेऊन तयारच होता. बन्सीलालचा उपदेश हा झेंडूसारखा, बारा महिने आणि पोत्यानं. "जावईबापू, चौकोन कशाला काढता, गोल काढा. चौकोनाचे कोपरे वाया जातात."

"कोपऱ्यात मी बशीन," उखर्डू म्हणाला.

"अन् रंग कशाला पाहिजे? रांगोळीनं काढा. रांगोळीला जगात कुणाची परवानगी लागत नाही."

हे मात्र हितेंद्रला पटलं. शत्रूचा सल्ला पटला की माणसानं सावध व्हावं, पण तो कार्यक्षम होता, सावध नव्हता. चौथ्या माळेला पहाटे त्यानं ओट्यावर पांढऱ्या रांगोळीनं ठसठशीत चौकोन काढले, प्रत्येकात गावाचं नाव घातलं आणि झेंडूचे ढीग लावले. काम झालं ते मागे सरून डोळे भरून पाहतो आहे, तोवर फुलं घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं चपला काढल्या, 'अमळनेर' या चौकोनाला हात जोडले आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. तिच्या मागे उभ्या होत्या त्या बायकांनीही वाहिलं. नवरात्र होतं, रांगोळी होती, फुलं होती. देवी नेमकी कुठली हे विचारत बसणारी माणसं वेगळी. एकीनं उखर्डूला प्रसाद मागितला. उखर्डूनं खिशातले शेंगदाणे दिले. मग एक गाय आली. तिनं शास्त्रोक्त पद्धतीनं आधी 'सोनगीर' संपवलं, मग ती 'पहूर'कडे वळली, आणि तिला हाकलायला हितेंद्र धावला तेव्हा ओट्यावरच्या बायका खवळल्या, की पूजेतल्या गायीला काठी दाखवणारा हा कोण मेला.

"नानांचे जावई," बन्सीलालनं परस्पर माहिती पुरवली.

माणूस अशा वेळी खचतो किंवा मोठी चूक करतो. हितेंद्रला खचायला वेळ नव्हता.

त्याच संध्याकाळी, पाचव्या माळेच्या ऑर्डरी घेताना, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तो शहारला. पहूरच्या कुंदाबाईनं झेंडू जेवढा सांगितला, त्याच्या निम्माच रोज तिला जात होता. त्यानं अमळनेरच्या नूर महंमदचं पाहिलं. निम्मा. सोनगीरच्या सुकदेवचं पाहिलं. तिथेही निम्मा. म्हणजे सासरेबुवा वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला मागितल्याच्या अर्धाच माल पाठवत होते, नाना नसतानाही उखर्डू हाताच्या सवयीनं तेच करत होता, आणि ही गरीब माणसं मुकाट सोसत होती. पुण्याच्या कंपनीत पार्सल अर्धं पोचलं तर माणसं निलंबित व्हायची. इथे त्या माणसाला नाना म्हणत होते.

"उद्यापासून," त्यानं उखर्डूला सांगितलं, "जेवढं मागितलं तेवढं जाणार. शंभर टक्के."

उखर्डूनं विडीचा झुरका मधेच थांबवला. "जेवढं मांगितलं तेवढं?"

"तेवढं."

"बठ्ठं?"

"सगळं."

उखर्डूच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू गावात तमाशा आला आणि पुढची जागा मिळाली. "करा," एवढंच तो म्हणाला.

माल कमी पडत होता. हितेंद्रनं शेतकऱ्यांना फोन करकरून जादा झेंडू मागवला. तरी कमी पडला तो बन्सीलालकडून घेतला. बन्सीलालनं आपला दोन दिवसांचा पडून राहिलेला माल त्याला मोठ्या मनानं दिला, वर म्हणाला, "शेजारधर्म आहे." गाठोडी एवढी मोठी झाली, की कंडक्टरनं पहूरच्या गाठोड्याचं हाफ तिकीट मागितलं. गाड्या सुटल्यावर हितेंद्रनं ग्रुपवर लिहिलं, 'आज ऑर्डरपूर्ती शंभर टक्के.' खाली स्वतःच अंगठा दाखवला, कारण दुसरं कुणी दाखवेना.

पहिला फोन पहूरहून, कुंदाबाईचा. कुंदाबाई म्हणजे पहूरच्या बसस्टँडवर फुलांची टोपली घेऊन बसणारी, नवरा गेल्यावर दोन मुली त्या टोपलीवर उजवलेली बाई. आवाज असा, की फोन नसता तरी जळगावला ऐकू आला असता.

"काहो जावाई, तुम्हाले काही समजते का?"

"मावशी, माल मिळाला ना?"

"मिळाला तेच सांगू राह्यली. मी म्हनलं तेवढा तुम्ही धाडला कसा?"

"तुम्हीच सांगितला होता तेवढा."

"मी सांगनारच ना बावा. मी दुप्पट सांगते म्हनून नाना अर्धा धाडतात. नाना अर्धा धाडतात म्हनून मी दुप्पट सांगते. मले लागते तेवढा बरोब्बर येते. इतके वर्सं दोघायचं कसं सुरळीत चालू होतं, अन् तुम्ही मधीच खरं करून ठेवलं."

ही गोष्ट नानांनी हितेंद्रला सांगितली नव्हती, आणि त्यात नानांचा दोष नव्हता. पोळी दोन्ही बाजूंनी भाजायची असते, हे कुणी कुणाला सांगत नाही.

"मग आता काय करायचं त्या झेंडूचं?"

"म्हशीले हार घातला. हापशीले घातला. सरपंच समोरून गेला, त्यालेबी घातला, तर त्याले वाटलं निवडनूक लागली. अजून ढीग हाये तसाच. पाठवते परत."

लगेच अमळनेरहून नूर महंमद. याचं दुकान दर्ग्याच्या वाटेवर, सेहरे, चादरी आणि हार करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो रागावला की जास्तच अदबीनं बोलतो. "जावईसाहेब, एक विचारू का? आमच्याकडून काही गुस्ताखी झाली का? नाही, दुश्मनी असेल तर बोला, पोराला, मोईजला पाठवून माफी मागतो. पण भाई, एवढा झेंडू तर कुणी दुश्मनाच्या दारात पण टाकत नाही."

सोनगीरहून सुकदेव. किल्ल्याच्या पायथ्याशी हायवेवर त्याची टपरी. "भो, मी मांगं ते तू खरंच धाडी दिधं? आसं कोन करस? बठ्ठा गाव माले हासी ऱ्हायना. नाना कोठे शेतस?"

"धुळ्याला आहेत, डोळ्याचं ऑपरेशन."

"डोया त्यासना कापा, अन् आंधया तू व्हई गया?"

संध्याकाळपर्यंत सगळी गाठोडी उलट्या एसटीनं परत आली. स्टँडवरच्या पार्सलवाल्यानं ती सोडायला नकार दिला. त्याचं म्हणणं, सकाळी गेला तो ताजा झेंडू, आला तो कोमेजलेला. म्हणजे हा वेगळा माल, त्याची पावती वेगळी. हितेंद्रनं त्याला समजावलं, की फूल तेच आहे, फक्त वय झालंय. "मग माझंही झालंय," पार्सलवाला म्हणाला, "तरी मला दर सहा महिन्याला मी तोच असल्याचा वेगळा दाखला मागतात." शेवटी तो कोमेजलेला झेंडू रिक्षांत भरून गाळ्यावर आणला. बन्सीलाल नाकाला रुमाल लावून म्हणाला, "खत चांगलं होईल." निम्मा त्याचाच होता.

एक झालं मात्र. गिऱ्हाइकांना कळून चुकलं, की सध्या फोनवर असा माणूस बसलाय जो सांगितलेलं खरं धरतो. आणि खानदेशातला माणूस कुठल्याही आपत्तीला लवकर सरावतो. सहाव्या माळेपासून कुंदाबाई जेवढा लागेल तेवढाच झेंडू सांगायला लागली. नूर महंमदनंही. सुकदेव तर सांगून झाल्यावर वर म्हणायचा, "मायनी आन, खरं सांगी ऱ्हायनू." हितेंद्र जेवढा सांगितला तेवढा पाठवायचा, तेवढा बरोबर खपायचा. एक गाठोडं परत येईना. त्याला ही नैतिक क्रांती वाटली. तो कामिनीला म्हणाला, "बघ, विश्वास टाकला की माणूस बदलतो."

"माणूस नाही बदलला," कामिनी म्हणाली. "फोन उचलणारा बदलला."

अष्टमीच्या संध्याकाळी दसऱ्याच्या ऑर्डरी आल्या. वर्षातली सगळ्यात मोठी संध्याकाळ. दारादारांना, गाड्यांना, तिजोऱ्यांना, ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, ज्याला म्हणून चाक किंवा कुलूप आहे त्या सगळ्यांना झेंडू लागतो. हितेंद्रनं ऑर्डरी घेतल्या, बेरीज केली, शेतकऱ्यांना नेमका तेवढाच माल सांगितला. नवमीच्या सकाळी ओटा केशरी झाला. चौकोन नाहीत, गाय नाही, सगळं जागच्या जागी. त्याला पाटीवरचं आपलं नाव दिसायला लागलं. आणि नेमके त्या पाटीखाली, काळा चष्मा लावून, नाना उभे होते.

बन्सीलालनं फोन केला होता. पाचव्या माळेची सगळी कथा त्यानं नानांना ऐकवली, वर 'तुम्ही काळजी करू नका, डोळ्याला ताण नको,' असंही म्हणाला. नानांनी अक्कांच्या हातावर तुरी देऊन धुळ्याहून पहिली एसटी धरली.

"हट बाजूले," नाना गादीवर बसत म्हणाले. "ऑर्डरी वाच."

हितेंद्रनं पहूर वाचलं. नानांनी उखर्डूकडे बोट केलं. "अर्ध काढ. बांध."

"नाना, या वेळी त्यांनी खरं सांगितलंय."

"गिऱ्हाईक?" नाना हसले. "ते देवाले नवस बोलतं त्यातबी निम्मं धरावं लागते. वाच पुढं."

"अमळनेर. पण नाना, तुम्ही नव्हता त्या दिवसांत त्यांची सवय बदलली, ते आता जेवढं लागेल तेवढंच..."

"मी चार दिवस काय नव्हतो, दुनिया सुधरली? अर्ध. बांध." मग बाजार ऐकेल अशा आवाजात, "मले सध्या एकच डोळा हाये, तुले दोन हायेत. तरी कोणाले दिसते ते पाहू. तू घरी जा, झोप."

बन्सीलाल ऐकत होता. उखर्डू ऐकत होता. माल घेऊन आलेले शेतकरी ऐकत होते. हितेंद्र तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडणार होता, पण त्यानं ते मिटलं. खरं दोनदा सांगावं. तिसऱ्यांदा सांगणाऱ्याला लोक विमा एजंट समजतात. तो समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला आणि बाकड्यावर बसून आपला दसरा बुडताना पाहू लागला. त्यात दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर थोडी गोडीही होती, आणि ती चहाची नव्हती.

अर्धी गाठोडी गेली. अर्धा माल ओट्यावर उरला. नानांनी तो पाहिला आणि त्यांची खात्रीच पटली. "पुन्हा दुप्पट मागवून ठेवला येड्यानं," ते बन्सीलालला म्हणाले. "आता नासंल. तू घेतो का?"

बन्सीलालनं चेहरा इतका दुःखी केला, की मयतीला उपयोगी पडावा. "नाना, मलाच जड होईल. पण तुमचा शब्द." आणि त्यानं पडत्या भावात तो सगळा केशरी ढीग आपल्या गाळ्यात ओढून घेतला. उखर्डूनं ओढायला मदत केली. त्याला दोन्हीकडून मजुरी मिळाली.

दुपारी नाना डोळ्यात थेंब टाकून घेत होते तेव्हा फोन सुरू झाले. सोनगीर. "भो, हाई काय? अर्धा गाव मन्हा दारात उभा शे ना!" सुकदेव जवळजवळ रडत होता. मग अमळनेरचा फोन आला नाही, कारण नूर महंमद स्वतःच मोटारसायकलवर आला. त्याच्या पाठोपाठ काळीपिवळी जीपमधून कुंदाबाई उतरली, पदर खोचलेला.

"जावाई कोठे हाये?" तिनं विचारलं, आणि मग तिला गादीवर काळा चष्मा दिसला. ती जागीच थांबली. "नाना, तुम्ही आले का?"

"आलो."

"मंग सांगायचं नाही का, मी आलो म्हनून?"

नूर महंमदनं हेल्मेट काढून छातीशी धरलं. "नाना, मी आयुष्यात एकदा धंद्यात खरं बोललो. एकदा. आणि नेमके त्याच दिवशी तुम्ही आले. आता दुकानापुढच्या लाईनीला मी हार म्हणून काय देऊ, नुसती सुतळी?"

नानांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. ओट्याकडे पाहिलं, ओटा रिकामा. शेजारच्या गाळ्याकडे पाहिलं, तो ओसंडत होता. ऑपरेशन झालेला डोळा तेव्हा अगदी लख्ख दिसायला लागला असावा.

"बन्सी," ते म्हणाले, "तो माल दे इकडे."

"नाना," बन्सीलाल नम्रपणे म्हणाला, "दसऱ्याला सोनं देतात. दिलेलं परत घेत नाहीत."

नूर महंमद आणि कुंदाबाईनं मग तोच झेंडू बन्सीलालकडून, बन्सीलाल सांगेल त्या भावात घेतला. सोनगीरचं गाठोडं हितेंद्रनं स्वतः बांधलं, बन्सीलालला पैसे मोजले आणि धुळ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ दिलं. नानांनी ते पाहिलं. जाता जाता कुंदाबाई गादीपाशी थांबली.

"नाना, रागावू नका. पन दिवाळीले फोनवर कोन बसनार ते आधी सांगून ठेवा. तुम्ही बसले तर आम्ही खोटं बोलू, जावाई बसले तर खरं बोलू. आम्हाले दोन्ही जमते. फक्त आधी समजलं पायजे."

नाना म्हणाले, "सांगतो."

दसऱ्याच्या संध्याकाळी घरी सोनं वाटून झालं. हितेंद्रनं आपट्याचं पान देऊन नानांच्या पायावर डोकं ठेवलं. नानांनी त्याला उठू दिलं नाही, खांद्यावर हात ठेवला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "बोल. काय पाहिजे तुले?"

खाली वाकल्या वाकल्या हितेंद्रचं डोकं झपाट्यानं चाललं. त्याला आठ आणे हवे होते. पण आठ आणे मागितले तर या घरात काय हातात पडतं, हे आता त्याला शिकवायची गरज नव्हती. बाजारानं त्याला शिकवलं होतं, आणि चांगलं बडवून शिकवलं होतं. तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आख्खा गाळा."

नानांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "आठ आणे," ते म्हणाले.

हितेंद्रनं बन्सीलालनं केलं होतं तसं तोंड पाडलं, 'ठीक आहे, तुमचा शब्द' असं पुटपुटला आणि आत स्वयंपाकघरात जाऊन कामिनीला जवळजवळ उचललंच. "मिळाली. अर्धी भागी. बरोब्बर हवी होती तेवढी. आख्खा मागितला, बघ कसा अर्ध्यावर आला म्हातारा."

कामिनी पुरी लाटायची थांबली. "तुम्ही आख्खा मागितला?"

"मग? रीतच आहे."

"नाना सकाळी मला म्हणाले, चूक माझी होती, पोरगं खरं सांगत होतं, मी चारचौघांत त्याचं तोंड बंद केलं. आख्खा गाळा त्याच्या नावावर करतो."

हितेंद्रच्या हातातून आपट्याची पानं पिठात पडली. "मग अर्धा का दिला?"

"तुम्ही मागितलात ना."

"आणि मी अर्धाच मागितला असता तर?"

कामिनीनं थोडा विचार केला. "पाव."

बाहेर फोन वाजत होता. नानांच्या डोळ्यात थेंब घातलेले, ते आडवे झाले होते. हितेंद्रनं जाऊन उचलला. पहूर.

"जावाई, ठरलं का? फोनवर कोन बसनार?"

"दोघं," हितेंद्र म्हणाला. "आठ-आठ आणे."

पलीकडे कुंदाबाईनं हिशेब केला.

"म्हंजे आता," तिनं विचारलं, "दीडपट सांगू का?"